यंत्र घेण्याआधी त्यातले कण तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या आठवड्यात हातात धरायच्या रामन यंत्राची बातमी आली होती. द्राक्षाचा घड यंत्रासमोर धरला की तो विषमुक्त आहे की नाही हे एका मिनिटात कळते, आणि काही शेतकरी उत्पादक कंपन्या असे यंत्र घेण्याच्या विचारात आहेत, असा तिचा आशय होता. मी निफाड तालुक्यातला निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. घरची द्राक्षबाग आता पुतण्या पाहतो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना घेऊन चांदीचे आणि सोन्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, तयार करण्याचे आणि त्यांच्या साहाय्याने पाण्यातली रसायने ओळखण्याचे काम मी केले. त्यामुळे ही बातमी वाचून आनंद झाला, तशीच काळजीही वाटली. तंत्र खरे आहे आणि आपल्या बागायतदाराला त्याचा मोठा उपयोग होऊ शकतो. परंतु चर्चा सगळी यंत्राची चालली आहे, आणि मोजण्याचे काम ज्यांच्यावर अवलंबून आहे त्या धातूच्या कणांबद्दल कोणीच विचारत नाही. खरेदीचे निर्णय याच चुकीच्या टोकाकडून होतील असे दिसते, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेला जवळजवळ सगळा प्रकाश त्याच रंगाचा राहतो. फार थोड्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, कारण त्याने रेणूच्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण केलेली असते. १९२८ च्या २८ फेब्रुवारीला कलकत्त्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या कामातून जो परिणाम जगापुढे आला, तो हाच, आणि १९३० चे नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले. प्रत्येक रेणूची कंपने वेगळी, म्हणून रंगबदलाचा नकाशा, म्हणजे वर्णपटही वेगळा, बोटाच्या ठशासारखा. पण रंग बदलणारा प्रकाशकण साधारण एक कोटीत एखादा. शंभर ग्रॅम पांढऱ्या पुडीवर लेसर टाकला तर समोर रेणूंचा ढीग असतो, त्यामुळे एवढाही प्रकाश पुरतो आणि पूड युरियाची आहे की साखरेची, हे प्लास्टिकच्या पिशवीतूनसुद्धा सांगता येते. हातात धरायची रामन यंत्रे जगभर अनोळखी पुडी आणि द्रव ओळखण्यासाठी वापरतात ती याच बळावर, आणि त्या कामात ती उत्तम आहेत.

द्राक्षावरच्या औषधाच्या अंशाचे गणित अगदी वेगळे आहे. ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला युरोपीय संघात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. याचा अर्थ असा की एक टन द्राक्षांत मिळून दहा मिलिग्रॅम, म्हणजे आपण चिमटीत धरतो त्या मिठाच्याही कितीतरी कमी. एवढ्याशा अंशाचा एक कोटीत एक या हिशेबाने येणारा प्रकाश पकडायला निघालो, तर द्राक्षाच्या सालीतून लेसरमुळे निघणारा स्वतःचा उजेड, ज्याला फ्लुओरेसन्स म्हणतात, तो त्याच्या हजारो पट असतो. भर दुपारी काजवा शोधण्यासारखेच ते आहे. म्हणून नुसते यंत्र घडासमोर धरून अंश कळेल, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या मूळ नियमांतच बसत नाही.

धातूचे कण लागतात ते इथे. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लायशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन या तिघांनी खरबरीत केलेल्या चांदीच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) पिरिडिन या रसायनाचा अनपेक्षितपणे जोरदार रामन संकेत, म्हणजे रंग बदललेला प्रकाश, पाहिला. पृष्ठभाग खरबरीत झाल्याने जास्त रेणू बसले असतील, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेत व्हॅन ड्यून आणि झानमेअर यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये अल्ब्रेक्ट आणि क्रायटन यांनी दाखवून दिले की वाढ लाख ते दहा लाख पटींची आहे आणि नुसत्या जास्त रेणूंनी ती होणार नाही. चांदी आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांतले इलेक्ट्रॉन योग्य रंगाच्या प्रकाशाबरोबर एका लयीत झुलू लागतात आणि कणाच्या अगदी लगतचे विद्युतक्षेत्र अनेकपटींनी वाढते, हे त्यामागचे मुख्य कारण. रामन संकेत ढोबळमानाने या क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढतो. क्षेत्र दहापट झाले तर संकेत दहा हजारपट होतो. दोन कण एकमेकांपासून एक-दोन नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आले की त्यांच्या मधल्या फटीत ही वाढ सर्वांत जास्त. फटीत रेणू सापडला तर तो बोलतो, बाहेर राहिला तर गप्प बसतो. १९९७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकेका रेणूचा संकेत मिळाल्याचे जाहीर केले, ते अशाच जागांच्या आधारावर.

या तत्त्वाची ताकद आणि अडचण दोन्ही या फटीत आहेत. आपल्या मापनाचे भवितव्य एक-दोन नॅनोमीटरच्या अंतरावर ठरत असेल, तर ते अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवणे ही किती नाजूक कारागिरी आहे याची कल्पना यावी. मी ती जवळून पाहिली आहे.

आम्ही महाविद्यालयात चांदीचे कलिल, म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे चांदीचे सूक्ष्म कण, बनवायचो ते ली आणि माइसेल यांनी १९८२ मध्ये दिलेल्या पद्धतीने. अर्धा लिटर अतिशुद्ध पाण्यात ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळवायचे, ते उकळीला आणायचे आणि एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचे दहा मिलिलिटर द्रावण हळूहळू सोडून तासभर उकळत ठेवायचे. पाणी आधी पिवळसर होते, मग दाट होत होत हिरवट-राखाडी दिसते, दुधात राख कालवल्यासारखे. कृती एवढी साधी की बारावीचा विद्यार्थीही करील. पण भांडे आम्लराजाने, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लमिश्रणाने, धुतलेले नसेल, ढवळणे मधे थांबले असेल, आच कमी-जास्त झाली असेल, तर कणांचा आकार बदलतो. एकदा घाईत एका विद्यार्थिनीने भांडे शेवटी विहिरीच्या पाण्याने विसळले. आमच्या भागातल्या पाण्यात क्षार भरपूर, त्यातला क्लोराइड चांदीशी भेटला आणि कलिलाऐवजी तळाशी पांढरा चोथा बसला. ती फार खट्टू झाली. त्या दिवशी वर्गाला मात्र जे समजले ते कोणत्याही व्याख्यानाने समजले नसते. पुढे वर्षभर आम्ही प्रत्येक घाणा वेगळ्या बाटलीत, तारीख घालून ठेवला आणि एकाच रसायनाच्या एकाच द्रावणाने तपासला. एकाच हाताने, एकाच दिवशी केलेल्या दोन घाण्यांत संकेताची उंची दुपटीने वेगळी आल्याची नोंद माझ्या वहीत आजही आहे.

थेंब वाळवून मोजायला घेतला तर आणखी एक गोष्ट घडते. चहाचा कप टेबलावर ठेवल्यावर जसे कडेला गडद वर्तुळ उमटते, तसे कण थेंबाच्या कडेला गोळा होतात. कडेवर लेसर पडला तर संकेत उसळतो, मध्यभागी पडला तर नाहीसा होतो. शिवाय चांदी हवेत टिकत नाही. घरातले पैंजण पेटीत पडून काळे पडतात तसेच हे कणही गंधकाशी आणि ऑक्सिजनशी संयोग पावून निकामी होत जातात, फक्त कितीतरी लवकर, कारण त्यांचा पृष्ठभागच त्यांच्या वजनाच्या मानाने प्रचंड. सोने टिकते, पण त्याचा संकेत सहसा चांदीइतका जोरकस नसतो आणि त्याला लाल किंवा त्यापलीकडचा लेसर लागतो. म्हणून नमुन्याचा थेंब टाकून यंत्राखाली धरायची, बाजारात मिळणारी चांदी लावलेली पट्टी कधी बनली, कशी ठेवली, पाकीट कधी फोडले, हे प्रश्न यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहेत.

गेल्या जानेवारीत आमच्या गावाजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये एका विक्रेत्याच्या प्रतिनिधीने असेच यंत्र दाखवले. मी पुतण्याबरोबर गेलो होतो. प्रतिनिधीने पिस्तुलासारखे यंत्र थॉमसनच्या घडावर टेकवले, काही सेकंद गेले, पडद्यावर 'जुळणी नाही' असे आले आणि हिरवा दिवा लागला. जमलेल्या बागायतदारांत समाधानाची कुजबुज झाली. पुतण्याने मला हळूच विचारले, "काका, हिरवा दिवा लागला, म्हणजे माल पास ना?" तो घड आमच्याच बागेतला होता आणि त्यावर चारच दिवसांपूर्वी भुरी रोगासाठी फवारणी झाली होती. मी प्रतिनिधीला विचारले की चांदीची पट्टी कुठे आहे. ती पेटीत होती, पाकीट फोडलेलेही नव्हते. मग त्यांनी मणी थोड्या द्रावकात खंगाळून तो द्रव तीन पट्ट्यांवर टाकला. एकाच पाकिटातल्या तीन पट्ट्या, एकच द्रव. एकीवर 'संशयास्पद' आले आणि दोन पट्ट्यांवर काहीच नाही. प्रतिनिधी तरुण होता, प्रामाणिक होता आणि खरोखरच गोंधळला होता. त्याला जे शिकवले गेले होते त्यात 'जुळणी नाही' आणि 'अंश नाही' यांतला फरक नव्हता. त्या मुलाला मी दोष देत नाही. पण तिथल्या दहा-पंधरा जणांपैकी कोणीतरी त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर माल भरला असता, तर परदेशातल्या बंदरावर जे घडले असते त्याची भरपाई कोणी केली असती?

आपल्या बागायतदाराला हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली. छाटणीनंतर वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक बागायतदार 'सीसीसी' म्हणून ओळखतो. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी आपल्याकडे होत असे, त्या यादीतच ते नव्हते. प्रयोगशाळांनी जे शोधायला सांगितले होते ते प्रामाणिकपणे शोधले. जे यादीत नव्हते ते सापडले नाही, आणि त्याचा फटका नाशिक जिल्ह्यातल्या शेकडो कुटुंबांनी सोसला. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली आज जी तपासणीची व्यवस्था उभी आहे, ती अशा कडू अनुभवांतून अधिक काटेकोर होत गेलेली आहे. रामन यंत्रातला ठशांचा संग्रह हीसुद्धा एक यादीच आहे. त्या संग्रहात नसलेले रसायन समोर आले तर यंत्र पुन्हा 'जुळणी नाही' म्हणेल आणि पुन्हा हिरवा दिवा लागेल.

त्यातून हे क्लोरमेक्वाट या तंत्राच्या दृष्टीने अवघड गिऱ्हाईक आहे. रेणू लहान, त्यात बेंझिनसारखे वलय नाही, चांदीला घट्ट धरणारा गंधक नाही. याउलट थायरम हे बुरशीनाशक पाहा. त्यात गंधकाचे चार अणू आहेत. चांदीच्या कणाजवळ आले की मधला गंधक-गंधक बंध तुटतो आणि दोन्ही तुकडे धातूला घट्ट चिकटतात. वर्णपटात १३८० प्रति सेंटिमीटरच्या (रंगबदल मोजण्याचे हे एकक) आसपास असे ठसठशीत शिखर उभे राहते की नवशिक्यालाही ते दिसावे. म्हणूनच या विषयावरच्या शोधनिबंधांत थायरम पुन्हा पुन्हा भेटते. पण थायरम आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे ते मुख्यतः पेरणीआधी बियाण्याला चोळायची पूड म्हणून. द्राक्षाच्या बागेतली खरी काळजी केवड्याच्या आणि भुरीच्या औषधांची, किडींसाठीच्या आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणाऱ्या, औषधांची आणि संजीवकांची आहे. थायरमवर मिळालेली संवेदनशीलता दाखवून यंत्र विकले जात असेल, तर विकत घेणाऱ्याने विचारायला हवे की माझ्या बागेत मी जी औषधे मारतो त्यांतल्या प्रत्येकाची शोधमर्यादा, म्हणजे यंत्राला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, किती, आणि ती द्राक्षाच्या रसात मोजलेली आहे की शुद्ध पाण्यात. थायरमच्या बाबतीतही एक मेख आहे: झायरम आणि फरबम ही त्याची भावंडे चांदीवर बसल्यावर त्याच तुकड्याच्या रूपात बसतात, म्हणून तिघांचे ठसे जवळजवळ सारखे येतात. नेमके कोणते मारले हे सांगायला ठसा पुरेसा नाही.

शुद्ध पाणी आणि द्राक्षाचा रस यांतला फरक तर मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवत असे. पाण्यात विरघळवलेले औषध कणावर बसायला मोकळे असते. रसात मात्र साखर, टार्टारिक आम्ल, टॅनिन आणि शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात सालीचा रंग, हे सगळे त्याच जागेसाठी दाटी करतात. गर्दीच्या एसटीत शेवटी आलेल्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, तशी औषधाच्या चार रेणूंची गत होते. मण्यावरच्या पांढुरक्या मेणाचा थरही मधे येतो. म्हणून नमुना कसा काढला, कशाने धुतला, गाळला की नाही, यावर निकाल बदलतो. प्रयोगशाळेत यासाठी नमुना आधी वाटून, द्रावकात काढून, गाळून शुद्ध करतात आणि मग वस्तुमान वर्णपटमापकावर, म्हणजे रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, घेतात. त्याला वेळ आणि पैसा लागतो तो उगाच नव्हे. पॅकहाऊसवर त्यातले निम्मे काम टाळले तर निकालाचा भरवसाही त्या मानाने उतरतो. आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. साल पुसून किंवा खंगाळून घेतलेल्या नमुन्यात फक्त वरवरचे औषध येते. आंतरप्रवाही औषध मण्याच्या आत असते, आणि मर्यादा संपूर्ण मण्यासाठी ठरवलेली असते.

हे सगळे वाचून मी या तंत्राच्या विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये. मला ते हवे आहे, आणि लवकर हवे आहे. २०१० मध्येच चीनमधील शियामेन विद्यापीठातल्या तिएन चोंगचुन यांच्या गटाने सोन्याच्या कणांवर सिलिकाचे दोन-चार नॅनोमीटर जाडीचे कवच चढवले आणि असे कण संत्र्याच्या जातीच्या फळाच्या सालीवर नुसते पसरून पॅराथिऑन या कीटकनाशकाचा ठसा मिळवला. कवचामुळे कण एकमेकांना आणि फळातल्या इतर पदार्थांना थेट चिकटत नाहीत, तरी प्रकाश वाढवण्याचे काम मात्र करतात. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे रसायन मिसळल्याने सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. प्रथिने मोजण्याची जुनी रीत नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला असतो, म्हणून ती भेसळ लपून राहिली होती. मेलामाइन सोन्याच्या कणांना चांगले चिकटते आणि त्याचा ठसा स्पष्ट येतो, त्यामुळे त्यानंतर दुधासाठी या तंत्रावर जगभर खूप काम झाले. जिथे रसायन एकच, ओळखीचे, धातूला चिकटणारे आणि मर्यादा तुलनेने सैल, तिथे हे तंत्र आजही प्रामाणिकपणे वापरता येते.

कण बनवण्याची विद्याही आपल्याला परकी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा आम्हा शिक्षकांना त्याचे केवढे अप्रूप वाटले होते. परसातल्या गवती चहाने सोन्याला आकार द्यावा, हे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. परदेशातून महाग पट्ट्या आणून हंगामभर पुरवण्यापेक्षा आपल्या विद्यापीठांनी, कृषी विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाल्यासाठी सारख्या गुणवत्तेच्या पट्ट्या बनवाव्यात आणि त्यांचे ठशांचे संग्रह सर्वांसाठी खुले करावेत, ही माझी मनापासूनची मागणी आहे. संग्रह खुला असेल तर नवे औषध बाजारात आले की त्याचा ठसा त्याच हंगामात भरता येईल. विक्रेत्याच्या कुलूपबंद संग्रहात तो कधी भरला जाईल हे विक्रेता ठरवणार.

तोपर्यंत यंत्र घ्यायचेच असेल, तर उत्पादक कंपन्यांनी आणि बाजार समित्यांनी पैसे देण्याआधी एक साधी परीक्षा घ्यावी. आपल्याच बागेतली वीस नमुन्यांची द्राक्षे घ्यावीत, त्यातल्या दहांत आपण वापरतो ती औषधे मर्यादेच्या आसपासच्या ज्ञात प्रमाणात एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घालून घ्यावीत, बाटल्यांवर फक्त आकडे लिहावेत आणि कोणत्या आकड्यात काय आहे हे विक्रेत्याला सांगू नये. प्रत्येक बाटली वेगवेगळ्या पाकिटांतल्या तीन पट्ट्यांवर तपासायला लावावी. त्याच बाटल्यांचा दुसरा हिस्सा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. औषध असलेल्या दहांपैकी किती सुटले आणि नसलेल्या दहांपैकी किती नाहक पकडले गेले, हे दोन आकडे आले की यंत्राची लायकी आपोआप कळते. एवढा खर्च यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे, आणि ज्या विक्रेत्याला आपल्या मालावर विश्वास आहे तो या परीक्षेला नकार देणार नाही.

परीक्षेत यंत्र उतरले, तर त्याचे काम चाळणीचे. ज्या प्लॉटमध्ये ते अंश दाखवील तो माल काढणी थांबवून आधी प्रयोगशाळेत पाठवायचा, म्हणजे अहवालाची वाट पाहण्यात जाणारे दिवस आणि प्रत्येक नमुन्यामागे जाणारे पैसे दोन्ही वाचतील. मात्र ज्या प्लॉटमध्ये ते काही दाखवणार नाही, त्याला या यंत्रावरून प्रमाणपत्र देऊ नये. पडद्यावर हिरवा दिवा आणि 'सुरक्षित' हा शब्द येता कामा नये. 'अमुक औषध, अमुक मर्यादेपर्यंत आढळले नाही' एवढेच यावे. दिव्याचा रंग ही बारीक गोष्ट वाटेल, पण पुतण्याचा तो प्रश्न माझ्या कानात अजून आहे.

पट्टी न लावता नुसते हातयंत्र जिथे खरोखर उपयोगी आहे, ते काम मात्र कोणी सुचवलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. गावोगावच्या दुकानांत लेबल फाटलेल्या, सुट्या किंवा बनावट औषधांच्या बाटल्या मिळतात. बाटलीतले रसायन हे अंश नव्हे, ढीग आहे; शुद्ध पुडीइतके सोपे नसले तरी ते ओळखायला चांदीचे कण बहुधा लागत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, शेकडो रुग्णालयात भरती झाले. फवारणारा माणूस काय फवारतो आहे हे त्याला आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळणे किती गरजेचे आहे, ते त्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. तालुक्याच्या कृषी कार्यालयात असे एक यंत्र बाटल्या तपासायला ठेवले, तर त्याचा पहिल्या दिवसापासून उपयोग होईल आणि त्यासाठी कोणाला खोटा दिलासा द्यावा लागणार नाही.

लेसरबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. या यंत्रांपैकी अनेकांत ७८५ नॅनोमीटरचा लेसर असतो, जो डोळ्याला जेमतेम अंधूक लाल दिसतो आणि म्हणूनच अधिक धोकादायक असतो, कारण पापणी वेळेवर मिटत नाही. पॅकहाऊसमध्ये हंगामात विशीतली मुले-मुली रात्रपाळीला असतात. त्यांच्या हाती हे यंत्र देताना योग्य चष्मा आणि एक दिवसाचे प्रशिक्षण ही खरेदीची अट असावी. वापरलेल्या चांदीच्या पट्ट्या आणि कलिल गटारात न टाकता परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्याची असावी, हेही त्याच करारात लिहून घ्यावे.

शेवटी आपल्याला एक विनंती. बातमीत 'विषमुक्त असल्याची खात्री' असे शब्द होते. ते वाचून आमच्या भागातल्या दोन बागायतदारांनी या हंगामात प्रयोगशाळेचा नमुना पाठवायची गरज उरणार नाही, असे मला सांगितले. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे आणि यंत्रांचे प्रतिनिधी पुन्हा फिरू लागले आहेत. त्या शब्दांची दुरुस्ती आपल्या त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी. वर लिहिलेली वीस बाटल्यांची परीक्षा जी कोणती उत्पादक कंपनी घेऊ इच्छित असेल, तिच्यासाठी नमुने तयार करायला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी विनामोबदला येऊ. आपल्या कार्यालयामार्फत निरोप मिळाला तरी पुरे.

आपला नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक